कानसमास्तरांचा होकार

लाकूडतोड खात्याच्या अवजारखोलीत बावीस वर्षं एकच माणूस बसत असे आणि त्याला सगळे कानसमास्तर म्हणत. खरं नाव पगारपत्रकावर होतं. तिथून ते कधी बाहेर आलं नाही.

सकाळी लाकूडतोडे कामगार खिडकीतून आपापली चेनसॉ, म्हणजे साखळीची यांत्रिक करवत, घेऊन जात आणि चारच्या सुमाराला परत आणून आदळत. मग मास्तरांचं काम सुरू व्हायचं. साखळी ज्या लांब पोलादी पट्टीभोवती पळते ती पट्टी सोडवायची, तिच्या खाचेत बसलेला तेल-भुशाचा काळा लगदा खरवडून काढायचा, तेलाचं छिद्र तारेने मोकळं करायचं, कडांना आलेले कंगोरे कानशीने घासायचे, टोकाच्या चाकाला ग्रीस द्यायचं. परत बसवताना पट्टी उलटी करायची, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. शेवटी साखळी बोटांनी हलवून बघायची. ती डुलली, तर खाच रुंद झाली. मग त्या पट्टीवर लाल रंगाची फुली आणि रवानगी भंगाराच्या खोक्यात. त्यात दयामाया नाही.

"तेलाची टाकी बघत जा रे," ते खिडकीतून ओरडत. "तुम्ही उपाशी राहिलात तर नुसते चिडाल. ही उपाशी राहिली तर हात खाईल."

कामगार हसत. सगळ्यात मोठ्याने हसायचे ते मेहुणे, मास्तरांच्या धाकट्या बहिणीचे यजमान. मास्तरांनीच शब्द टाकून त्यांना खात्यात चिकटवलं होतं. माणूस अंगापिंडाने दणकट, पण घाई नाकावर. मास्तरांचं स्वतःचं लग्न राहूनच गेलं होतं. दर रविवारी बहिणीकडे जेवण, भाच्यांशी मस्ती, एवढाच त्यांचा संसार.

एका सकाळी मेहुण्यांनी टाकीत तेल न घालताच मशीन चालवली. तासाभरात पट्टी तापून निळी पडली आणि वाकली. नवी मागायची तर साहेबांना लेखी कारण द्यावं लागणार, वर मास्तरांची बोलणी खावी लागणार. मास्तर जेवायला गेलेले बघून मेहुणे अवजारखोलीत शिरले. खोक्यातली एक पट्टी उचलली, फुली खरवडली, मशीनला चढवली आणि पुन्हा कामाला लागले. अर्ध्या तासात साखळी खाचेतून सुटली आणि चाबकासारखी मागे आली. उजव्या हाताची तीन बोटं गेली.

मशीन मास्तरांकडे आली. त्यांनी पट्टी सोडवली, उजेडात धरली. मागच्या टोकाला, झाकणाखाली, लाल रंगाचा नखाएवढा तुकडा राहिला होता. ही आपणच फुली मारून भंगारात टाकलेली पट्टी, हे मास्तरांनी ओळखलं.

चौकशीच्या आदल्या संध्याकाळी बहीण त्यांच्या खोलीवर आली. चप्पलसुद्धा काढली नाही.

"दादा, चौकशीत ह्यांच्यावरच ठपका आला तर ह्यांना काढून टाकतील. तीन बोटांवाचून दुसरीकडे कोण ठेवून घेणार ह्यांना?"

"बघतो," मास्तर म्हणाले.

"बघतो नको म्हणूस. काहीतरी कर."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी टेबलावर पट्टी ठेवली आणि विचारलं, "ही तुम्ही दिलीत?"

मास्तरांनी मेहुण्यांकडे पाहिलं. मेहुणे बँडेजकडे बघत होते.

"हो," मास्तर म्हणाले. "नजरचूक झाली."

बावीस वर्षांचं नाव त्या एका शब्दात धुळीला मिळालं. त्यांना फाटकावर बसवलं, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायला. मेहुण्यांना बसून करायचं काम द्यायला हवं होतं आणि बसून करायचं काम एकच मोकळं झालं होतं. महिन्याभरात ते अवजारखोलीत मास्तरांच्या स्टुलावर जाऊन बसले.

रविवारी मास्तर नेहमीप्रमाणे बहिणीकडे गेले. तिने दार अर्धंच उघडलं.

"ह्यांना तुझं तोंड बघवत नाही," ती म्हणाली. "काही दिवस नको येऊस."

त्या काही दिवसांची आठ वर्षं झाली. मेहुणे फाटकातून जाताना मान दुसरीकडे वळवत. ट्रकमधून जाणाऱ्या मशिनी मास्तरांना दिसत: पट्ट्या कोरड्या, एकच कड झिजलेली, खाचा भुशाने गच्च. एकदा न राहवून ते मेहुण्यांना म्हणाले, "पट्टी उलटवत जा हो अधूनमधून."

"तुम्ही नंबर लिहा," मेहुणे म्हणाले. बरोबरचे दोघे हसले. ज्याच्या चुकीने दुसऱ्याची बोटं गेली त्याने शिकवू नये, असं त्यातला एक पुटपुटला आणि मेहुण्यांनी त्याला गप्प केलं नाही.

नोकरीच्या शेवटच्या दिवशी बहीण फाटकापाशी आली. केस पांढरे झाले होते तिचे.

"आता तरी जेवायला ये, दादा."

"माझी चूक माफ झाली वाटतं?"

"तुझी कसली चूक!" ती खाली बघून म्हणाली. "ह्यांनी मला दवाखान्यातच सगळं सांगितलं होतं."

मास्तरांना आधी नीट कळलंच नाही. मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, "म्हणजे त्या संध्याकाळी माझ्याकडे आलीस, तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि नंतरची आठ वर्षं?"

"तुला बघितलं की मलाच शरमेने मेल्यासारखं व्हायचं. त्यापेक्षा तुझ्यावर रागावलेलं बरं वाटायचं. पुढे पुढे तो राग खराच वाटायला लागला रे."

आठ वर्षं मास्तर एका गोष्टीवर तग धरून होते, की खरं काय घडलं ते बहिणीला माहीत नाही म्हणून ती अशी वागते. कळलं असतं तर धावत आली असती. त्यांनी वही मिटली, पेन खिशाला लावलं.

"माझी बस जाईल," ते म्हणाले आणि निघाले.

त्यानंतर ती दोनदा त्यांच्या खोलीवर आली. दोन्ही वेळा त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, भाच्यांची चौकशी केली. जेवायला मात्र ते कधीच गेले नाहीत.