वर्षाताईचा दिवेलागनीचा मेसेज

दिवाबत्ती झाली, भात शिजला, तरी मेसेज आला नाय. सासू ओट्यावर बसलेली, मांडीवर फोन, मुठीत गोळी. मला म्हनली, "आज वर्षा इचारंना गं." मी पोरगं खाली ठेवलं... हे माज्यानंच झालं होतं. दुपारी मीच वर्षाताईच्या उरलेल्या वेबसाइट नव्या जागी हलवल्या नि जुनी जागा बंद करून टाकली होती.

वर्षाताई माजी ननंद. कर्जतला एका गाळ्यात बसून आसपासच्या फार्महाऊसवाल्यांच्या वेबसाइट बनवायची. खोपोली रोडला टेंपोनं तिच्या स्कूटीला उडवलं नि ती गेली, त्याला आता दोन महिने होत आले. मी नववीतनं शाळा सोडलेली, लग्न होऊन आले तवा कॉम्प्युटरला हात लावायला पन भ्यायची. ती म्हनायची, ये गं, चावत नाय तो. पोर मांडीवर घेऊन मी तिच्याकडनं शिकले. सगळ्यांच्या साइट एकाच होस्टिंगवर, म्हंजे साइट ठेवायच्या भाड्याच्या जागेवर होत्या. ती जागा म्हंजे चाळ, ताई सांगायची, एकानं नळ सोडून ठेवला की बाकीच्यांच्या घागरी कोरड्या. नि कंटेनर म्हंजे ज्याचा त्याचा डबा, झाकन लावलं की कुठंबी न्या. अर्ध्या साइट तिनं डब्यात भरून नव्या जागी नेल्या, अर्ध्या राहिल्या... माजं काय चुकलं की हसायची, म्हनायची, मोड तू, मी हाय ना जोडायला.

सासूला बीपीची गोळी. सांजची हमखास विसरायची. ताई कामात गुंतली की घरी यायला उशीर, म्हनून रोज दिवेलागनीला तिचा मेसेज, "आई, गोळी घेतलीस का?" सासूला वाचता येत नाय, मी वाचून दाखवायची. ती फोनलाच सांगायची, घेते गं बाय, घेते.

ताईला पोचवून आलो त्या सांजेला पन मेसेज आला. मी फोन टाकूनच दिला. सासूनं तो उचलला, पदरानं पुसला, गोळी तोंडात टाकली. तवापासनं रोज. मी कोनाला इचारलं नाय... इचारलं नि थांबला तर?

नि मीच थांबवला. रडत रडत ताईच्या धंद्यातल्या जोडीदाराला, नसीमदादाला फोन लावला. तो म्हनला, वहिनी, तो मेसेज तिनं जुन्या होस्टिंगवर लावून ठेवला होता, ठरल्या वेळेला आपोआप जायचा. फायली नि डेटा डब्यात आला, पन ती लावलेली वेळ फायलींत नसते, तिथंच राहिली. एका ओळीचं काम हाय, बोला, लावू का?

नवरा शेजारीच उभा. म्हनला, मेलेल्या मानसाला कशाला राबवताय? सुटू दे तिला. मी सासूला म्हनलं, आई, मी इचारीन की रोज, घ्या आता गोळी.

सासू माज्याकडं बघून म्हनली, "मला ठाऊक नाय व्हय ती गेली? माज्या डोळ्यांदेखत नेली. तू इचारशील गं, तू जवळ हाईस. ती लांब असून इचारायची." मूठ काय तिनं उघडली नाय. गोळी घामानं ओली झालेली.

मी फोनवर म्हनलं, लावा दादा.

आता मेसेज येतो, मी वाचते, सासू गोळी घेते. पन नवरा दिवेलागन व्हायच्या आत उठतो, चपला घालतो, पार अंधार पडंस्तोवर फाट्यावर एकटा बसून राहतो. बहीन त्याची पन होती ना... मी आईची गोळी चुकू द्यायची, का त्याला रोज घराबाहेर काढायचं? तुमी माज्या जागी असता तर काय केलं असतं?