काळ्या गाडीवरचे पांढरे डाग

ती घटना आजही आठवली की मला आधी हसू येतं, आणि मग न केलेला गुन्हा कबूल करायला निघालेला तो माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. नोकरीत मी कबुल्या पुष्कळ ऐकल्या. खऱ्या ऐकल्या, खोट्या ऐकल्या, पोराला वाचवण्यासाठी बापाने दिलेल्या ऐकल्या. पण निव्वळ मत्सरापोटी दिलेली कबुली एकदाच ऐकली, चौसाळ्याच्या एका भांड्यांच्या दुकानदाराकडून.

तेव्हा माझ्या निवृत्तीला थोडाच काळ उरला होता आणि बीड तालुक्यातल्या एका ठाण्याचा कारभार माझ्याकडे होता. सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. ठाणे अंमलदार स्टेशन डायरी उघडून बसले होते, तेवढ्यात आवारात एक काळी कुळकुळीत गाडी येऊन थांबली. आतून चौसाळ्याचा एक खत-बियाण्यांचा व्यापारी उतरला. कपाळावर भस्माचे पट्टे, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट आणि चेहरा घरात कुणी गेल्यासारखा. खुर्चीवर बसायच्या आधीच त्याने सांगितलं, की त्याच्या गाडीवर रात्रीतून तेजाब टाकलं गेलंय आणि ते त्याच्या सख्ख्या धाकट्या भावाने टाकलंय.

भावकीची तक्रार आली की मी पहिल्यांदा चहा मागवतो. चहा संपेपर्यंत माणूस अर्धं भांडण सांगून मोकळा होतो. याने पूर्णच सांगितलं. वडील गेल्यावर वाटणी झाली. थोरल्याने खताचं दुकान घेतलं, धाकट्याने भांड्यांचं. घरं लागून, अंगण एक, अंगणातला बोअर दोघांचा सामायिक. बोलणं मात्र बंद. दिवाळीत थोरल्याने ही गाडी घेतली. पूजेला सगळं गाव आलं, धाकटा आला नाही. ओट्यावर बसून तांब्याची घागर घासत राहिला. काल गाडी बीडहून धुवून, चकाचक करून आणली, आणि आज सकाळी उन्हात बघतो तर बॉनेटभर पांढरे डाग. पुसून जात नाहीत, घासून जात नाहीत.

मी बाहेर जाऊन गाडी पाहिली. डाग होते खरे. नाण्याएवढे, कुठे बोराएवढे, कडेला गोल रेघ आणि मधे फिकट. मी एका डागावरून नख फिरवलं. नखाला खरखर लागली. इथे माझ्या मनात पहिली पाल चुकचुकली. तेजाब खातं, मागे काही ठेवत नाही. इथे तर वर काहीतरी बसलं होतं. दुसरं म्हणजे टपावर, दारांवर, डिकीवर एकही डाग नव्हता. मत्सराने पेटलेला माणूस एवढा नेमका कशाला राहील? तो सगळ्या गाडीची वाट लावेल.

पण पोलिसाने मनातल्या पालीवर तपास चालवायचा नसतो. चौसाळ्यात हमरस्त्याला टपरी असलेला आमचा एक जुना खबरी होता. त्याला फोन केला. त्याने आवाज खाली आणून सांगितलं, की धाकट्याला पहाटे उजाडताना गाडीपाशी उभं राहिलेलं त्याने स्वतः पाहिलंय. एकदा नाही, बऱ्याचदा. बॉनेटवरून हात फिरवत उभा असतो आणि कुणी दिसलं की घरात जातो. शिवाय त्याच्या दुकानात तेजाबाच्या बाटल्या असतातच, पितळ उजळायला लागतात.

हेतू, साधन, संधी, तिन्ही जागेवर. नवखा अधिकारी असता तर त्याने तिथेच गुन्हा दाखल करून हात झटकले असते. थोरल्यालाही तेच हवं होतं. "आजच्या आज कागद करा अन् त्याला आत घ्या," हे त्याने इतक्या वेळा ऐकवलं, की पी हळद अन् हो गोरी म्हणतात ते हेच, असं अंमलदार माझ्या कानाशी पुटपुटले. मी अर्ज घेतला, डायरीला नोंद केली आणि धाकट्याला बोलावून आणायला शिपाई पाठवला.

धाकटा आला आणि त्याच्या मागोमाग त्याची बायकोही आली. तिला व्हरांड्यात बसवलं, तर ती बसेना. दारातूनच हात जोडून मला म्हणाली, "साहेब, रविवारी पोरीची सुपारी हाय. धर्मापुरीचे पाव्हणे येणारेत. पोरगा सरकारी विंजनेर हाय. तेवढा रविवार होऊ द्या, मग ह्यांचं काय करायचं ते करा."

आता माझ्या ध्यानात आलं, की थोरल्याला आजच कागद का हवा होता. त्याला दोन मुलगे, दोघेही दुकानातच. मुलगी नाही, त्यामुळे इंजिनिअर जावई मिळायचा प्रश्नच नव्हता. ज्याच्या दारात गाडी होती त्याला भावाचा होणारा जावई सलत होता, आणि ज्याच्या घरी जावई येणार होता त्याला भावाची गाडी सलत होती. रविवारच्या आत बापावर गुन्हा दाखल झाला असता, तर पाहुण्यांनी धर्मापुरीहून गाडी काढलीच नसती. मुलीचं लग्न माझ्या सहीवर येऊन थांबलं होतं आणि त्या बिचारीने कुणाच्या बॉनेटला बोटही लावलं नव्हतं.

धाकट्याला मी समोर बसवलं. चौकशीचा माझा एक साधा नियम आहे. पहिला प्रश्न गुन्ह्याचा विचारायचा नाही. मी त्याला दुकान कसं चाललंय ते विचारलं. तो म्हणाला, बरं चाललंय. मग विचारलं, भावाची गाडी कशी आहे?  तो टेबलावरचा पेपरवेट बोटाने फिरवत म्हणाला, "साहेब, टाकलं न्हाई मी. पण झालं ते माझ्यामुळंच झालं."

अंमलदारांनी पेन उघडलं. मी त्यांना खुणेने थांबवलं.

"सकाळी दार उघडलं की पैली ती गाडी दिसती," तो सांगू लागला. "दुकानातून आलो की तीच. आमी एकाच ताटात जेवलेले भाऊ, अन् मला ती गाडी बघवत न्हाई. लई वेळा पहाटं उठून गेलतो तिच्याकडं. हात फिरवून बघायचो, कसं लागतं ते. मनात हजारदा तेजाब टाकलं. हातानं एकदाबी न्हाई. पण नजर तर लागलीच ना? लिहा तुमी, माझंच नाव लिहा."

मी असंख्य आरोपींच्या तोंडून 'मी नाही केलं' ऐकलं आहे आणि त्यातले बहुतेक खोटं बोलत असतात हे मला ठाऊक आहे. हा माणूस खरं बोलत होता आणि तरीही स्वतःला आत टाकायला सांगत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. लाज होती. मला त्याची दया आली आणि रागही आला. तुझ्या नजरेने रंग गेला असता, तर बीड जिल्ह्यात एकही गाडी काळी राहिली नसती, असं मी त्याला सुनावलं. पण कागदावर घ्यायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. बाहेर थोरला येरझाऱ्या घालत होता आणि तालुक्याच्या एका पुढाऱ्याचा 'जरा लक्ष घाला' म्हणून फोनही येऊन गेला होता.

दुपारी मी घटनास्थळ पाहायचं ठरवलं. धाकट्याला आमच्या जीपमध्ये मागे बसवलं आणि मी मुद्दाम थोरल्याच्या गाडीत बसलो. वाटेत तो गाडीची किती काळजी घेतो ते सांगत होता. घरी गाडी कधी धुवायची नाही, खारं पाणी आहे म्हणून. धुवायची ती बीडलाच. घरी नुसतं कोरडं फडकं. एवढं शहाणपण असलेल्या माणसाच्या गाडीवर हे डाग कुठून आले, याचाच मी विचार करत होतो.

गाडी अंगणात येऊन थांबली. मी दार उघडायला हात लावला, तोच घरातून थोरल्याची बायको बाहेर आली. एका हातात स्टीलचा तांब्या, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा. बाहेरगावाहून आलेल्या माणसावरून ओवाळतात, तसं तिने गाडीच्या तोंडावरून ते तीनदा ओवाळलं, तुकडा बाजूला फेकला आणि तांब्यातलं पाणी बॉनेटवर शिंपडलं. शिंपडताना धाकट्याच्या दाराकडे एक नजर टाकली आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली. मग आत कोण बसलंय ते तिला दिसलं आणि तिने पदर सावरला.

मी खाली उतरलो आणि बॉनेटजवळ गेलो. हमरस्त्यावरून तापून आलेला पत्रा, वर दुपारचं ऊन. पाणी चर्रकन आटत होतं. थेंब कडेने आत आत आक्रसत गेला आणि माझ्या डोळ्यांदेखत तिथे एक गोल पांढरी रेघ उरली. शेजारच्या डागासारखीच. मी तिच्या हातातून तांब्या घेतला. बाहेरून त्यावर तसाच पांढरा थर चढलेला होता, बोअरच्या पाण्याचा.

मी थोरल्याला विचारलं, हे रोज होतं का? तो म्हणाला, हो, गाडी बाहेरून आली की होतंच. मग सकाळी मला का सांगितलं नाही? तो गोंधळला. "त्यात काय सांगायचं, साहेब? घरचं पाणी हाय ते." एरवी हे डाग धुळीत झाकले जायचे, काल गाडी चकाचक झाली आणि सकाळच्या उन्हात ते उघडे पडले.

त्याच्या बायकोला आधी काही उमजेना. उमजलं तेव्हा ती ओट्यावर बसून राहिली. "आमी तर नजर काढायलो होतो," एवढंच ती म्हणाली. कुणाची नजर, ते तिने सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. पलीकडच्या दारात तिची जाऊ उभी होती आणि तिला सगळं ऐकू गेलं होतं.

माझी खात्री झाली, तरी दोघा भावांची झाली पाहिजे होती. बीडला पोलिसांच्या मोटार परिवहन विभागातल्या एका ओळखीच्या मेकॅनिकला फोन लावून उपाय विचारून घेतला. गाडी सावलीत घेऊन पत्रा गार होऊ दिला. शिपायाने चायनीजच्या गाड्यावरून व्हिनेगरची बाटली आणली. त्यात निम्मं पाणी घातलं, पाणीही विकतच्या जारचं, बोअरचं नव्हे. दोन पंच समोर उभे केले, मऊ फडकं भिजवून डागांवर थोडा वेळ ठेवलं, मग पुसून जारच्याच पाण्याने धुतलं आणि लगेच कोरडं केलं. फडकं उचललं तेव्हा बरेचसे डाग गेलेले होते आणि खालचा काळा रंग शाबूत होता. तेजाबाने खाल्लेला रंग काही व्हिनेगरने परत आला नसता. जुने दोन-तीन डाग मात्र तसेच राहिले. ते रंगात मुरले होते, त्यांना पॉलिश करावं लागणार होतं.

थोरला बॉनेटकडे बघत राहिला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडावी, तशी डागांशी त्याच्या संशयाची गाठ पडली होती. आणि रविवार जवळ आला नसता, तर तो ठाण्यात इतक्या घाईने आलाच नसता. मी त्याला बाजूला घेऊन एवढंच विचारलं, की रविवारी पाहुणे आले आणि मुलीचा चुलता कुठाय विचारलं, तर धाकट्याने काय सांगायचं? त्याने कागद मागून घेतला. 'तक्रार नाही' असं लिहून दिलं आणि आत निघून गेला. जाताना भावाकडे पाहिलंसुद्धा नाही. मी स्टेशन डायरीला नोंद करून प्रकरण बंद केलं. मन काही बंद झालं नाही.

सोमवारी धाकटा पेढ्यांचा पुडा घेऊन ठाण्यात आला. सुपारी फुटली होती. मी थोरल्याचं विचारलं. तो म्हणाला, रविवारी सकाळपासून त्यांचं दार बंदच होतं. पाहुण्यांच्या जीपा अंगणात आल्या, तेव्हा थोरला फेटा बांधून बाहेर आला आणि पुढे जाऊन बसला. बोलणी चालू असताना मुलाच्या मामाने अंगणात बघत विचारलं, गाडी कुणाची? साऱ्या बैठकीत धाकट्याचाच जीव टांगणीला लागला. थोरल्याने सुपारी तोंडात टाकली, चघळली आणि म्हणाला, "आमची हाय."

 मी म्हटलं, मग आता तरी पोटातली आग विझली असेल. त्याने प्रामाणिकपणे विचार केला. पेढ्यांचा पुडा माझ्यापुढे सरकवला.

"त्या एका शब्दानं निम्मी गेली, साहेब," तो म्हणाला. "निम्मी हाय अजून. त्यांनी ते डाग पॉलिश करून घेतले न्हाईत. सकाळी दार उघडलं की दिसतात. खोटं कशाला बोलू, बरं वाटतं."

पोलिसाची सगळी नोकरी माणसांनी काय केलं ते शोधण्यात जाते. काय मनात आणलं होतं, याला कायद्यात कलम नाही, आणि नाही तेच बरं. तसं कलम असतं, तर आमच्या कोठड्यांबाहेर भावकीतलं कुणी राहिलं नसतं. या प्रकरणाने मला दोन गोष्टी शिकवल्या. माणूस रोज जे करतो ते तो चौकशीत कधीच सांगत नाही, कारण ते त्याला दिसतच नाही. आणि दुसऱ्याच्या मत्सराला भिणारी माणसं स्वतःच्याच तांब्याने स्वतःच्या वस्तूवर डाग पाडून घेतात. मी त्या दिवशी त्याच्या पुड्यातले दोन पेढे खाल्ले. नोकरीत कुणाकडून काही घ्यायचं नाही हा माझा नियम होता, पण त्या माणसाला नाही म्हणवेना.