ताणावरच्या बागेतली ओल

ताणावर टाकलेली संत्र्याची बाग दिसली की ती घटना मला अजून आठवते. वरूडकडच्या एका ठाण्याची मी तेव्हा प्रभारी होते. माझं माहेर तेल्हाऱ्याकडचं, कापसाचं; सासर मात्र संत्र्याचं. हे आधीच सांगते, कारण या तपासात प्रशिक्षणापेक्षा सासरच जास्त कामी आलं!

ताण म्हणजे काय, तर बहार धरण्यासाठी हिवाळ्यात बागेचं पाणी तोडायचं. झाडं मलूल होतात, पानं गळतात. मग पाणी सोडलं की फुलोरा येतो. तोवर त्या बागेत कुणी साधी चूळ टाकली तरी आमचे सासरे ओरडायचे.

अशाच एका बागेत, दिवेलागणीला, मालकाचं प्रेत सापडलं. रस्त्याकडच्या झोपडीपाशी, डोक्यात जड वस्तूचा घाव. थोड्याच वेळापूर्वी फाट्यावर चहा पिताना त्याला चारचौघांनी पाहिलेलं. मूलबाळ नव्हतं, घरी फक्त बायको. शेजारचं शेत सख्ख्या धाकट्या भावाचं, आणि बांधाच्या वादातून दोघांची बोलचाल कित्येक वर्षं बंद.

पंचनामा चालू असतानाच फोन आला. बोलणाऱ्यानं नाव सांगितलं नाही. "बाई, दूर कायले जाता? बांधावरचे पाय पाहा ना. धाकटा गव्हाले पाणी देऊन राहिला होता, तेच चिखलाचे पाय घेऊन बागेत गेला."

पायांचे ठसे होते. बांध ओलांडून बागेत शिरलेले, स्पष्ट. धाकट्याला चौकशीसाठी ठाण्यात आणलं.

"आज बागेत गेला होतात?"

"नाई मॅडम. तो बांध ओलांडून लय वर्सं झाली."

"मग हे पाय कुणाचे?"

तो नखानं नख कोरत बसला. मोबाइलवरून काही कळेना. शेतं शेजारी, टॉवर एकच.

सकाळी वरिष्ठांचा फोन. "वैर आहे, पाऊलखुणा आहेत, खोटं बोलतोय. आणखी काय हवं? अटक दाखवा." तेवढ्यात गावचे पोलीस पाटील दारात. "मॅडम, शवविच्छेदन होऊन दुपारी प्रेत गावात येते. त्याले पोरगं नाई, अग्नी धाकट्यानंच द्याचा. पन गाव म्हनते, मारनाऱ्याच्या हातचा अग्नी कसा चालंन? काय ते आताच सांगा."

आता बघा, ठाण्यात खोटं बोलणारा प्रत्येक जण गुन्हेगार नसतो. लोक लाजेपायी खोटं बोलतात, घरातलं झाकायला बोलतात. दुपारपर्यंत वेळ होता. मी गाडी काढायला लावली आणि परत बागेत गेले.

आदल्या संध्याकाळी आम्ही ते पाय जिथं पुसट झाले तिथपर्यंतच पाहिले होते. पुढं ते झोपडीकडेच गेले असणार, असं सगळ्यांनी धरलं. उजेडात नीट पाहिलं, तर झोपडीकडे एकही गेला नव्हता. बांधाकडच्या जुन्या झाडांभोवतीच फिरून फिरून पाय परत गेलेले. मी एका झाडाच्या आळ्यात बसले, वाळकी पानं बाजूला सारली, आणि हाताला गार ओल लागली! पुढचं आळं पाहिलं, तेही तसंच. पूर्ण ओळ पाजलेली, वरून पानं पसरून झाकलेली. आणि झोपडी बागेच्या पार दुसऱ्या टोकाला.

ठाण्यात येऊन त्याच्यासमोर बसले. "भावाच्या झाडांना चोरून पाणी देत होतात?"

तो माणूस ढसाढसा रडला हो. "बाबाच्या हातची झाडं हायेत ती, मॅडम. दादानं यंदा ताण लयच लांबवला, मरून राहिली होती. दादा मायासंग बोलत नवता, झाडायनं काय केलं होतं?"

"मग काल सांगितलं का नाही?"

"बागेत होतो म्हटलं असतं, त मंग सुटलो असतो काय?"

खरंच होतं. त्याला वाचवणारी गोष्टच त्याला घटनास्थळी नेऊन उभी करत होती.

"आणखी कुणाला माहीत होतं?" यावर मात्र पुन्हा नख कोरणं सुरू.

मी थेट मयताच्या घरी गेले. बायका भोवती बसलेल्या; तिला आत बोलावून विचारलं. तिनं डोळे पुसले आणि सरळ सांगितलं, "पान्याच्या कॅना मीच ठेवत होती बांधापाशी. मी सांगतलं म्हनूनच भाऊजी येत. ह्यायले वाटे, बांधाचा पाझर लागते."

मी म्हटलं, "बाई, हे जबाबात आलं की गाव तुमचं नाव त्यांच्याशी जोडेल. विचार करा."

"आतापरेंत गावाले बोलाले भाऊजीच होते, आता मीबी झाली. लिवा तुमी." मग पदर सावरत म्हणाली, "अन् अग्नी भाऊजीच देतीन. सोडा त्यायले."

मी जबाब लिहिला. खाली तिची सही घेतली. एवढी आळी कॅन वाहून भरायला अख्खी संध्याकाळ जाते; फाट्यावरचा चहा आणि प्रेत सापडणं यांमधल्या थोड्या वेळात माणूस दोन्ही टोकांना असणं कठीण, असं वरिष्ठांना कळवलं आणि अटक दाखवली नाही. दुपारी त्यानं अग्नी दिला. निम्मं गाव आलं, निम्मं घरीच बसलं.

खुनी सापडला नाही, तो फोन करणाराही नाही. संत्र्याचा सौदा मोडलेल्या व्यापाऱ्याची चौकशी झाली, जुन्या राखणदारांची झाली, हत्यारासाठी विहीर उपसली. शेवटी गुन्हा खरा पण तपास लागला नाही, म्हणून 'अ' समरी मंजूर झाली.

निवृत्तीनंतर एकदा अचलपूरला जाताना एसटी त्या फाट्यावर थांबली. मी चहाला उतरले. बाकावर दोघांचा त्याच खुनावरून वाद रंगलेला! एक म्हणे व्यापारी, दुसरा म्हणे भाऊ अन् भावजय. "पानी आंधी देल्लं, मंग मारलं. पोलिसायले येवढंबी समजलं नाई." मला कुणी ओळखलं नाही. मी विचारलं, "त्या बांधाकडच्या झाडांचं काय झालं हो?"

"ती? हिरवीगार हायेत ना, काकू. बांधच काढून टाकला. आता त उजागरीनं, साऱ्यायदेखत पानी देते धाकटा, भावजयीची सारी बाग तोच पाहते. म्हनूनच त म्हनतो!"

मी चहा संपवला आणि गाडीत बसले. खून कुणी केला, मला ठाऊक नाही. ठामपणे सांगणाऱ्यांनाही नाही. या प्रकरणानं मला एवढं शिकवलं, की एकदा संशय बसला की माणसाची माया लपलेली असो की उघडी, लोक तिचा पुरावाच करतात. हे कळत असूनही त्या बाईनं सही केली होती.