तिसऱ्या आग्रहाची वाट

आंजी गावातली लग्नाची पंगत रूपरावांशिवाय कधी उठली नाही. शेती बेताची, पण आवाज खणखणीत. बुंदीची परात कमरेला लावून ते पंगतीत शिरले की पाहुणे आधीच धास्तावायचे. पहिला 'नको' तोंडदेखला, दुसरा लाजेचा. तिसऱ्यांदा 'नको' म्हणेल त्याचंच पोट भरलं, असा त्यांचा कायदा होता. कुणी पहिल्याच विचारण्याला 'वाढा' म्हणालं तर रूपराव वाढत जरूर, पण पुढे वर्षभर त्या घरात पोरगी देऊ नका म्हणून सांगत फिरत.

बायको गेली. मुलगा गोपाल पुण्याला, तो फोनवर 'वेळेवर जेवत जा' सांगून कर्तव्यातून मोकळा होई. रूपरावांच्या चुलीवर चहाच तेवढा व्हायचा. सकाळी चहा-टोस्ट, रात्री टोस्ट-चहा. सदरा खांद्यावरून उतरू लागला.

अशात एका संस्थेने समाजमंदिरात म्हाताऱ्यांसाठी दुपारचं जेवण सुरू केलं. उद्घाटनाला आहारतज्ज्ञ बाई आल्या. त्यांनी दात नसलेल्यांना मोड आलेले चणे चावून खायला सांगितलं आणि मोतीबिंदूवाल्यांना पडद्यावर प्रथिनांची चित्रं दाखवली. दाराशी फलक लागला, 'सन्मानाने पोषण', आणि त्यावर फोटो रूपरावांचा. मिशी त्यांच्यासारखी दुसऱ्या कुणाची नव्हती.

वाढायला सुरभी होती, वर्ध्याहून येणारी, गोड स्वभावाची. तिला प्रशिक्षणात पक्कं शिकवलं होतं: प्रत्येकाला विचारायचं, त्याच्या इच्छेचा मान ठेवायचा, जबरदस्ती करायची नाही. पहिल्या दिवशी तिने विचारलं, "आजोबा, पोळी वाढू?" रूपराव रीतीप्रमाणे म्हणाले, "नको." सुरभीने इच्छेचा मान ठेवला आणि पुढे गेली. भाताचं तेच, वरणाचं तेच. चटणी तेवढी न विचारता पडली. ती बोटाने चाटत रूपराव दुसऱ्या आग्रहाची वाट पाहत बसले. तिसरा तर लांबच.

हे रोजचं झालं. शेजारी बसणाऱ्या आनंदाबाईंनी रूपरावांच्या हातची बुंदी जन्मभर खाल्लेली. त्यांनी सुरभीला बाजूला घेऊन सांगितलं, बाई, त्यांना जरा आग्रह कर. सुरभीने समजावलं की आग्रह नियमात बसत नाही. मग आनंदाबाई रूपरावांकडे वळल्या.

"भाऊ, इथं दुसऱ्यांदा कोणी पुसत नाई. सरळ मांगून घ्या."

"मांगून खाल्लं त त्याले जेवण म्हणत नाई, आनंदाबाई."

त्या कपाळावर हात मारून घेत. मला विचाराल तर राग दोघांचाही येतो, पोरीच्या नियमाचा आणि म्हाताऱ्याच्या ताठ्याचा. पण ताठा तरी भुकेला होता. नियम रोज जेवून यायचा.

संस्थेच्या बैठकीत मात्र केंद्राचं कौतुक झालं. अन्न वाया जाण्यावर चर्चा झाली आणि ठरलं की जे घेत नाहीत त्यांचं रांधायचंच नाही. डबे मोजके आले. त्याच दिवशी समाजमंदिराच्या पायऱ्या चढताना रूपरावांना घेरी आली. भिंत धरून ते आत गेले, बसले, आणि सुरभी समोर येताच, तिने काही विचारायच्या आत, खाली मान घालून म्हणाले, "मले वाढ, बाई."

आनंदाबाईंचा घास हातातच राहिला.

सुरभीचा चेहरा उतरला. तिने चाचरत सांगितलं की आजोबा, तुम्ही रोज नको म्हणता म्हणून आजपासून तुमचं आणलंच नाही. डब्यात पुढच्या दोघांपुरतंच उरलंय. तिचे डोळे भरून आले.

रूपरावांना ते बघवलं नाही. उभ्या जन्मात त्यांच्या पंगतीतून कुणी रडवेलं गेलं नव्हतं.

"काई हरकत नाई, पोरी," ते म्हणाले, "माह्यं घरी जेवण झालंच होतं. मी तं तुही गंमत करून राह्यलो."

"खरंच ना आजोबा?"

"खरंच."

सुरभीला हायसं वाटलं. तिने पुन्हा विचारलं नाही.