मागचं पुसट करणारे करंदीकर

कलकत्त्यात आम्ही चार मराठी माणसं जमलो की कुणीतरी करंदीकरांची आठवण काढतोच, आणि मग एकीतून दुसरी निघत जाते. करंदीकर आमच्याच सरकारी कचेरीतले. त्यांच्याकडे एक जर्मन कॅमेरा होता. भिंगाचं तोंड पूर्ण उघडून जवळ गेलं की माणूस लख्ख येतो आणि मागचं सगळं पुसट होतं, हे त्यांना कळलं आणि मग दुसरं काही सुचेना.

*

आमच्यातल्या बेहेऱ्यांनी त्यांच्याकडून हावड्याच्या पुलासमोर नव्या बायकोचा फोटो काढून घेतला आणि साताऱ्याला आईकडे धाडला. उत्तर आलं, "सूनबाई छान दिसते. पण मागे एवढा धूर कसला?"

*

साहेबांच्या निरोपाच्या फोटोतही तेच. खुर्च्यांवरचे अधिकारी स्वच्छ आले, शेवटच्या रांगेतले कारकून धुक्यात गेले. करंदीकर माफी मागायला गेले तेव्हा त्या रांगेतले म्हातारे घोषबाबू शांतपणे म्हणाले, "राहू द्या. साहेबांना आम्ही असेच दिसायचो."

*

बागबाजारात आमची एकच खोली होती, भिंतीला ओल. माझी बायको कुसुम करंदीकरांना म्हणाली, "भाऊजी, मी दिसले पाहिजे, खोली नको." फोटो पाहून तिच्या वडिलांनी लिहिलं, "घर ऐसपैस दिसतं. चार दिवस येतो." आले, राहिले. त्याच ओल्या भिंतीला टेकून बसायचे. निघताना कुसुमच्या डोक्यावरून दोनदा हात फिरवला.

*

फाळणीनंतर पूर्व बंगालातल्या खुलन्याहून आलेली निर्मलादी मुलीसह सियालदह स्टेशनच्या फलाटावर राहायची आणि आमच्याकडून शिवणकाम न्यायची. मुलीला स्थळ आलं होतं. "दादा, मागचा फलाट दिसू देऊ नका," एवढंच तिने करंदीकरांना सांगितलं. त्यांनी जीव ओतून फोटो काढला. चुली, वळकट्या, माणसं, सगळं विरघळलं; मुलगी तेवढी हसत उभी.

फोटो द्यायला मीही गेलो. निर्मलादीने फोटोतल्या मुलीकडे एकदा पाहिलं आणि कोपऱ्यातल्या एका पुसट आकृतीवर बोट ठेवलं. उंच माणूस, मान एका बाजूला कललेली.

"हा स्पष्ट करून द्या."

"कुणी उतारू असेल, दीदी," करंदीकर म्हणाले.

"हिचे बाबा असेच उभे राहतात," ती म्हणाली. सीमा ओलांडताना गर्दीत त्यांची चुकामूक झाली होती, तेव्हापासून पत्ता नव्हता.

करंदीकरांनी मोठी प्रत काढून पाहिली. आकृती मोठी झाली, चेहरा काही आला नाही. ती प्रत घेऊन आम्ही पुन्हा गेलो.

"माफ करा, दीदी. हे मीच पुसलं."

तिने प्रत बराच वेळ निरखली.

"पहिली स्थळाकडे पाठवते," ती म्हणाली. "ही मला असू दे. फक्त हिच्यातली मुलगी तेवढी कापून टाका."