पळसाच्या अलीकडे

खालाला घोडीपेक्षा माणसाची भीती जास्त. थंडी सरता सरता तिच्या घोड्या व्यायच्या, आणि चिमूरच्या आमच्या मोहल्ल्यातली माणसं शिंगरू बघायला तलावाकाठच्या गायरानावर जायची. तिथे एका पळसाखाली खाला आडवी काठी घेऊन बसलेली असायची. काठी घोड्यांसाठी नव्हती, आमच्यासाठी होती. "पळसाच्या इकडूनच पाहा," हे ती प्रत्येकाला सांगायची, अगदी तहसीलदारीणबाईंनासुद्धा.

आमची तिची भिंतीला भिंत. तिचा नवरा, आमचे चाचा, टांगा हाकायचे. काळीपिवळ्या जीपगाड्या आल्या, सवाऱ्या आटल्या, आणि त्याच काळजीत चाचा गेले. टांगा भंगारात गेला. चांदणी आणि मुन्नी या दोन घोड्या मात्र खालाने गायरानात मोकळ्या सोडल्या. "लेकीवानी वाढवल्या त्याइनं. लेकी का बाजारात नेते कोणी?" असं म्हणून ती विषय संपवायची.

शिंगरासाठी पोळी घेऊन येणाऱ्यांची तर खैर नसे. "आण, मी खातो," म्हणत ती पोळी हिसकायची आणि खरंच खायची. "आज तुमच्या हातचं खाईल, उद्या सडकेवर जाऊन लोकाइच्या पिशवीत तोंड घालंल. मंग टरकाखाली आलं का रडाल तुम्हीच." आम्हाला तिने कान बघायला शिकवलं. "घोडीचे कान पुढं असले तं सलाम करा. मागं गेले तं खुदा हाफिज. पण पळू नका, हळूच मागं सरका."

एवढं करूनही एका वर्षी चांदणीने एका शेळ्यावाल्याचा गुडघा फोडला. तो पळसाच्या पुढे, शिंगराजवळ गेला होता. पण ते कोण ऐकतं? मोहल्ल्यातल्या मोठ्यांनी बजावलं, "खाला, आता पुन्हा कोणाले लाथ लागली तं दोन्ही घोड्या बाजारात." खालाने मान डोलावली. त्या दिवसापासून ती जेवायलाही घरी येईना. मी डबा घेऊन जायचे.

पुढच्या वर्षी चांदणी लवकर व्याली, ऐन घोडायात्रेत, देव लाकडी घोड्यावर बसून मिरवतो त्या दिवसांत. गाव माणसांनी फुललेलं. यात्रेला आलेली एक बाई तलावावर आंघोळीला आली आणि तिला ते पांढरं शिंगरू दिसलं. देवाचंच घोडं म्हणून ती नारळाचा तुकडा घेऊन थेट त्याच्या पाया पडायला निघाली. खाला ओरडली, "वो बाई! काऊन घुसून राह्यली? देवाचा घोडा लाकडाचा हाय, त्याच्या पाया पड. हे हाडामांसाचं हाय, याची माय मागं उभी हाय!"

बाईचे हात जोडलेले, डोळे मिटलेले. चांदणीचे कान मागे गेले. आम्हाला कधी पळू नका म्हणणारी खाला पळाली. तिने बाईला ढकललं आणि लाथ तिच्या स्वतःच्या कमरेवर बसली. ती बाई घाबरून आल्या वाटेने निघून गेली, पुन्हा दिसली नाही.

मी डबा टाकून धावले. खालाने माझा हात घट्ट धरला. "मी गोट्यावरून घसरली. समजलं का बेटा?"

मला चांदणीचा संताप आला होता, आणि खरं सांगायचं तर खालाचाही. काय एवढं त्या जनावरांत! पण मी हो म्हटलं.

माणसांनी तिला खाटेवर घालून घरी आणलं. रात्री आई हळद लावायला बसली. कमरेवर खुराचा काळानिळा गोल उमटला होता. आईने त्याच्या कडेने हलकेच बोट फिरवलं. मग म्हणाली, "गोटा लयच गोल होता वो खाला." खाला हसायला गेली आणि कळवळली.

हाड काही सांधलं नाही. खाला अंथरुणाला खिळली. पळसाखाली तिची काठी घेऊन मी बसायला लागले. संध्याकाळी घरी आले की तिचा पहिला प्रश्न, "आज कोण गेलं व्हतं पुढं?" कोणी नाही म्हटलं तरी तिला झोप लागत नसे. शिंगरू आईचं दूध सोडून गवताला लागलं आणि खाला गेली.

मय्यत उठल्यावर तीच मोठी माणसं आमच्या ओट्यावर टेकली. घोड्यांचं काय करायचं, असं कोणीतरी विचारलं. त्यातले वयाने थोर होते ते म्हणाले, "राहू द्या गायरानात. त्या शेळ्यावाल्यानंतर कोणाले पाय नाई लागला त्याइचा. गरीब हायेत बिचाऱ्या."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी कोपऱ्यातली काठी उचलली आणि पळसाकडे निघाले.