विंडो येईपर्यंत

आज सकाळी मुलीच्या लॅपटॉपवर ऑफिसची विंडो क्षणात उघडली आणि मला मुलुंडचा संदीप आठवला.

नववीत शाळा सोडून मी देवगडहून आलो, तेव्हा त्याच्या आईने, काकूंनी, मला पोटमाळ्यावर ठेवून घेतलं. ते उपकार फिटायचे नाहीत. तरी संदीपचा हेवा वाटायचाच. त्याचा प्रोग्राम ऑफिसातल्या मशीनवर चालायचा, त्याची विंडो तेवढी फोनच्या तारेवरून घरी यायची. मोडेम किंचाळायचा, मग पडद्यावर आधी चौकट, मग करडा रंग, मग सावकाश एकेक बटण. तोवर बनियनवर बसलेल्या संदीपला काकू गरम घावणे वाढायच्या. "आली का रे तुझी विंडो? खा आधी." मी घर सोडून कामाला आलो होतो; याचं काम याच्या घरी येत होतं.

एका रविवारी बाबांच्या ऑपरेशनचं काय झालं ते सांगायला आई गावच्या बूथवरून फोन करणार होती. इकडे विंडो अर्धीच आलेली, तोवर फोन अडलेला. लाइन सोड म्हणायची माझी काय टाप!

"उभा काय राहिलास?" संदीपने विचारलं.

"आईचा फोन यायचाय..."

"मग बोल ना, येड्या!" त्याने मोडेमची वायर उपटून फोनला लावली.

थोड्याच वेळात घंटा वाजली. बाबा बरे होते. मग आईने विचारलं, "जेवलंस मां रे?"

मागून काकू ओरडल्या, "जेवतोय हो, ताई!" आणि गरम घावणा माझ्या हातात आला.

"तुझं बरंय, तुला दोन आया," गोठलेल्या विंडोपुढे बसून संदीप म्हणाला.

तेव्हा वाटलं, चेष्टा करतोय. आता तसं वाटत नाही.